ब्रिटनमध्ये वंशद्वेष टिकून का राहतो?

उत्तरायण (धागाकर्त्या)

नमस्कार. मी गेली वीस-बावीस वर्षे उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात राहते आणि तिथल्याच औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न इथे मांडते आहे.

२९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्टमध्ये मुलांच्या नृत्यवर्गात शिरून एका सतरा वर्षांच्या मुलाने तीन लहान मुलींचा जीव घेतला. मारेकरी हा होडीतून आलेला मुस्लिम आश्रयार्थी आहे, अशी अफवा काही तासांतच समाजमाध्यमांवर पसरली. प्रत्यक्षात तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता आणि त्याचे आईवडील रवांडातून आलेले होते. पण तोवर साउथपोर्टच्या मशिदीवर विटा पडल्या होत्या, आणि ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळच्या ज्या हॉटेलात आश्रयार्थी राहत होते, त्याला आत माणसे असताना आग लावली गेली.

७ ऑगस्टसाठी तीसहून अधिक ठिकाणांची यादी फिरत होती. त्यांत बहुतेक नावे स्थलांतरितांची कामे करणाऱ्या वकिलांच्या कचेऱ्यांची होती. आमच्या गावाचे नाव यादीत नव्हते, तरी आमच्या दुकानासमोरच्या सॉलिसिटरबाईंनी धोका पत्करायचा नाही असे ठरवले. सकाळी दहा वाजता गावातला एक गोरा सुतार व्हॅनमधून प्लायवुडचे तक्ते घेऊन आला. त्याने प्रत्येक खिडकीचे माप घेतले, तक्त्यांच्या मागे पेन्सिलीने आकडे घातले आणि दीड तासात काचा झाकून टाकल्या. बाईंनी पैसे विचारले तेव्हा तो म्हणाला, की आज पैसे घ्यायचा दिवस नाही. संध्याकाळी आमच्या गावात काही घडले नाही. लंडनच्या वॉल्थमस्टोमध्ये तर हजारो माणसे दंगेखोरांच्या विरोधात रस्त्यावर उभी राहिली आणि दंगेखोर फारसे फिरकलेच नाहीत.

तो दिवस निभावला, पण तेव्हापासून मला चैन पडलेले नाही. १९५८ मध्ये नॉटिंग हिलला दंगल झाली. १९६८ मध्ये हुजूर पक्षाचा खासदार इनॉक पॉवेलचे स्थलांतरितांविरोधी भाषण झाले. १९७९ मध्ये साउथॉलला रक्त सांडले. १९९३ मध्ये स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला बसथांब्यावर भोसकून मारले. प्रत्येक वेळी समाज हळहळला, चौकशा झाल्या, आणि आता हे संपले असे सगळ्यांनी मानले. मग ते पुन्हा येते कुठून? कायद्यातून, पोटापाण्याच्या ओढाताणीतून, की घराघरांतल्या वळणातून? ज्यांनी हा देश माझ्याहून जास्त पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तटस्थ

धागाकर्त्यांच्या अस्वस्थतेबद्दल पूर्ण आदर राखून असहमती नोंदवतो. मी रेडिंगमध्ये २००६ पासून आहे. इतक्या वर्षांत मला कोणी रंगावरून तोंडावर काही बोलल्याचे आठवत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऋषी सुनक पंतप्रधान झाले. २०२४ च्या वसंतात काही आठवडे अशी स्थिती होती, की युनायटेड किंग्डम, स्कॉटलंड आणि वेल्स या तिन्ही सरकारांचे प्रमुख (सुनक, हमझा युसुफ, वॉन गेथिंग) गोरे नव्हते. युरोपातल्या दुसऱ्या कोणत्या मोठ्या देशात हे घडले आहे?

दुसरे असे, की स्थलांतराची चिंता म्हणजे लगेच वंशद्वेष नव्हे. जून २०२३ ला संपलेल्या एका वर्षात या देशाची निव्वळ स्थलांतरित वाढ ९ लाखांच्या वर गेली होती. घरे मिळत नाहीत, डॉक्टरची वेळ मिळत नाही, आणि ज्या गावांतले गिरणी-खाणींचे काम चाळीस वर्षांपूर्वीच गेले त्या गावांतल्या हॉटेलांत सरकार आश्रयार्थी ठेवते. तिथल्या माणसाच्या रागाला सरसकट एकच नाव दिले, तर आपण त्याचे ऐकूनच घेत नाही असे होईल.

निवृत्त_वैद्य

मी १९७१ मध्ये मिरजेहून इथे आलो. त्या काळी राष्ट्रकुलातल्या डॉक्टरांना कामाचे व्हाउचर मिळत असे आणि आपली एम.बी.बी.एस. इथे थेट मान्य होती. ती मान्यता १९७५ मध्ये गेली. मला शल्यचिकित्सक व्हायचे होते. पहिल्या दोन वर्षांत मी किती अर्ज केले ते मोजणे मी सोडून दिले होते. माझ्याबरोबर काम करणारे गोरे सहकारी, ज्यांना टाके घालायला मी शिकवले होते, ते पुढच्या जागांवर गेले आणि मला एका वरिष्ठाने प्रेमाने सांगितले, की वृद्धांच्या वॉर्डात जागा आहे, तिथे 'तुमच्यासारखी' पुष्कळ माणसे आहेत. ते गृहस्थ वाईट नव्हते. नाताळात त्यांनी आम्हाला घरी जेवायला बोलावले होते. तटस्थ यांनी हे लक्षात घ्यावे, की मलाही तोंडावर फार कमी वेळा कोणी शिवी दिली आहे. माझे आयुष्य ज्याने वळवले ती शिवी नव्हती.

वृद्धांचे वैद्यक आणि मानसोपचार या दोन शाखा या देशात आपल्या उपखंडातल्या डॉक्टरांनी उभ्या केल्या, कारण इथल्या पदवीधरांना त्या नको होत्या. मला पुढे त्या कामाची गोडी लागली आणि त्याचा मला अभिमान आहे, पण ती माझी निवड नव्हती.

आम्हाला हे सगळे माहीत होते, तरी पुरावा नव्हता. तो १९९३ मध्ये मिळाला. अनीस इस्माईल आणि सॅम एव्हरिंग्टन या दोन डॉक्टरांनी एकसारख्या पात्रतेचे अर्ज तयार केले. काहींवर इंग्रज नावे घातली, काहींवर आशियाई, आणि ते रुग्णालयांना पाठवले. इंग्रज नावांना आशियाई नावांच्या दुप्पट बोलावणी आली. यानंतर पोलिसांनी अटक केली ती या दोघांनाच, फसवणुकीच्या आरोपाखाली. निष्कर्ष पुढे ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. माझ्या पत्नीने तो अंक जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मी तो उभ्यानेच वाचून काढला. बावीस वर्षे मी स्वतःलाच कमी समजत आलो होतो.

मधुरा_हन्सलो

वैद्यकाका, तुमचा प्रतिसाद वाचून काही वेळ काहीच सुचले नाही. तुम्ही लिहिलेत, फार बरे केलेत.

पडताळा

तटस्थ यांचा मुद्दा गंभीरपणे घेण्यासारखा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

'चिंता आधी आणि द्वेष नंतर' असा क्रम आपण गृहीत धरतो. १९६८ चा क्रम तपासून पाहा. केनियात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या अनेकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. केनियात त्यांचे व्यवसाय बंद होऊ लागले तेव्हा ते ब्रिटनकडे निघाले, आणि हॅरोल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने अवघ्या तीन दिवसांत नवा कायदा संसदेतून काढला. १ मार्च १९६८ ला तो लागू झाला. त्यात अट अशी होती, की पासपोर्ट ब्रिटिश असला तरी स्वतः, आईवडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणीतरी या बेटांवर जन्मलेले किंवा इथले नागरिक झालेले हवे. रंगाचा शब्दही कायद्यात नव्हता, आणि तरी केनियातला गोरा मळेवाला आत येत होता व तिथला गुजराती दुकानदार बाहेर राहत होता. युरोपच्या मानवी हक्क आयोगाने १९७३ मध्ये या वागणुकीला वंशावर आधारलेला, माणसाचा मान हिरावणारा भेदभाव म्हटले.

आता पॉवेल. त्यांचे बर्मिंगहॅमचे भाषण २० एप्रिलचे, म्हणजे कायद्यानंतर सात आठवड्यांनी झालेले. त्यांना त्यांच्या पक्षाने छाया मंत्रिमंडळातून काढले आणि सभ्य समाजाने नाक मुरडले. पण सभ्य सरकारने आधीच दार लावून घेतले होते. पॉवेल १९६० ते १९६३ या काळात आरोग्यमंत्री होते, आणि त्याच काळात कॅरिबियन बेटांवरच्या परिचारिका व उपखंडातले डॉक्टर या रुग्णालयांचा भार उचलत होते. माणसांची गरज आहे आणि माणसे नको आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच कचेरीत शेजारी शेजारी राहू शकतात.

माझे मत असे, की रस्त्यावरचा द्वेष हा आवाज आहे. टिकून राहते ती कागदावरची व्यवस्था. विंडरश प्रकरण त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण. १९७३ पूर्वी कायदेशीररीत्या आलेल्या, इथेच शाळा शिकलेल्या, चाळीस वर्षे कर भरलेल्या कॅरिबियन लोकांना अचानक सांगितले गेले, की तुम्ही इथले असल्याचे सिद्ध करा, आणि प्रत्येक वर्षाचा पुरावा आणा. ते ज्या जहाजांतून आले त्यांची उतरण्याची कार्डे गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली होती. कोणाची नोकरी गेली, कोणाचे कर्करोगाचे उपचार अडले, आणि किमान ८३ जणांना देशाबाहेर घालवले गेले. एप्रिल २०१८ मध्ये गृहमंत्री अँबर रड यांनी राजीनामा दिला. यातल्या एकाही अधिकाऱ्याने कोणाला शिवी दिली नसेल. प्रत्येकाने अर्जातली रिकामी चौकट तेवढी दाखवली.

सायली_मँचेस्टर

पडताळा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून माझा अनुभव लिहिते. २०१४ च्या कायद्याने घरमालकांवर भाडेकरूचा राहण्याचा हक्क तपासण्याची जबाबदारी टाकली. आम्ही २०१७ मध्ये घर शोधत होतो. एका घराबाहेर आमच्या आधीचे जोडपे बाहेर येत होते, दोघेही गोरे, आणि एजंट त्यांच्याशी बागेबद्दल गप्पा मारत होता. आमची पाळी आली तेव्हा त्याने दारातच, किल्ली हातात ठेवून, आमचे पासपोर्ट आणि व्हिसाची कार्डे मागितली. मी विचारले की आधीच्यांचे पाहिलेत का. तो म्हणाला, ते नंतर ईमेलने पाठवतील. तो उद्धट नव्हता, त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच संकोच होता. चूक झाली तर दंड त्याला होता, आणि संशय घेण्याजोगे त्याला आम्हीच दिसत होतो.

उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले, की या नियमामुळे घरमालक भेदभाव करू लागतात. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने कायदा कायम ठेवला, पण भेदभाव होतो ही गोष्ट त्यांनीही नाकारली नाही.

वाघूर

मी जळगावात राहतो आणि परदेशी कधी गेलेलो नाही, त्यामुळे लिहावे की नाही याचा विचार करत होतो. ऑगस्ट २०१२ मध्ये मी पुण्यात शिकत होतो. ईशान्य भारतातल्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा मोबाइलवर फिरू लागल्या आणि पुण्या-बेंगळुरूतून त्यांच्या झुंडी गाड्या पकडून घरी निघाल्या. आमच्या वसतिगृहातला मणिपूरचा मुलगा जाताना खोलीची किल्ली माझ्याकडे देऊन गेला. आम्ही त्याला दोन वर्षे काय काय नावांनी हाक मारत होतो ते त्या दिवशी आठवले. अफवेला धरायला आधीपासून काहीतरी लागते. साउथपोर्टची अफवा वाचून मला तेच वाटले.

संयोजक_३

वाघूर यांचा अनुभव विषयाला धरून आहे, म्हणून तो ठेवला आहे. यापुढे मात्र 'आपल्याकडे तरी काय वेगळे आहे' या वळणावर चर्चा नेऊ नये ही विनंती. तो स्वतंत्र आणि मोठा विषय आहे, आणि इथला प्रश्न त्याखाली दबून जाईल.

माइनकाठ

मी फ्रँकफर्टमध्ये आहे. प्रश्न ब्रिटनचा असला तरी जर्मनीतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००० मध्ये सरकारने संगणक तज्ज्ञांसाठी खास परवाने देऊ केले, तेव्हा नॉर्थ राइन-वेस्टफालियाच्या निवडणुकीत एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराच्या प्रचारात 'भारतीयांऐवजी मुले' या अर्थाची यमक जुळवलेली घोषणा फिरली. आम्ही ती हसण्यावारी नेली. ऑगस्ट २००७ मध्ये सॅक्सनीतल्या म्यूगेलन गावच्या उत्सवात पन्नासएक जणांच्या जमावाने आठ भारतीयांचा पाठलाग केला, तेव्हा हसू मावळले.

पण मला बोलायचे आहे ते पोलिसांबद्दल. सप्टेंबर २००० मध्ये न्यूर्नबर्गमध्ये एनव्हेर शिमशेक या फुलविक्रेत्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २००७ पर्यंत त्याच टोळीने एकूण दहा जणांना मारले. त्यांतले आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक आणि एक जर्मन पोलीस महिला. अकरा वर्षे तपास चालला तो मृतांच्या घरच्यांवर संशय घेत. नवरा अमली पदार्थांचा धंदा करत होता का, घरात भांडणे होती का, असे प्रश्न विधवांना विचारले गेले. वृत्तपत्रांनी या हत्यांना एका तुर्की खाद्यपदार्थाचे नाव दिले. नोव्हेंबर २०११ मध्ये टोळीचे दोघे मेलेले सापडले, तेव्हा कळले की हे नवनाझींचे काम होते. त्या घरांतल्या मुलांनी आपल्या बापाला गुन्हेगार ठरवलेले ऐकत शाळा शिकली. खुनाहून हे दुःख मला मोठे वाटते.

तटस्थ

माइनकाठ, हे फार भयंकर आहे. परंतु ब्रिटनने याच बाबतीत धडा घेतला असे मला वाटते. लॉरेन्स प्रकरणानंतर मॅकफर्सन यांचा अहवाल आला, पोलीस दलाने चूक कबूल केली, आणि २०१२ मध्ये दोघांना शिक्षाही झाली.

पडताळा

खून १९९३ चा आणि शिक्षा २०१२ ची, हे अंतर आपण दोघांनीही मोजावे. मॅकफर्सन अहवालाने फेब्रुवारी १९९९ मध्ये लंडनच्या पोलीस दलाला संस्था म्हणूनच वंशद्वेषी म्हटले. मार्च २०२३ मध्ये लुईस केसी यांनी त्याच दलाची चौकशी केली आणि पुन्हा तोच शब्द वापरला, शिवाय स्त्रीद्वेष आणि समलिंगी-द्वेषही त्यात जोडला. मधल्या चोवीस वर्षांत प्रशिक्षणे झाली, माफ्या मागितल्या गेल्या. धडा शिकवला गेला हे मला मान्य आहे.

डॉलिसहिल

इतका वेळ वाचत होतो. निराशेचा सूर वाढतो आहे, म्हणून एक गोष्ट लिहितो.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि त्याची वास्तू डॉलिस हिल भागात आहे. गणपतीला तिथे गेलेल्या कितीजणांना माहीत आहे कोण जाणे, पण त्याच भागात, भुयारी रेल्वेच्या स्थानकाजवळ, ग्रनविक नावाचा फोटो धुण्याचा कारखाना होता. ऑगस्ट १९७६ मध्ये तिथल्या कामगारांनी काम सोडले. त्यांत बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका होत्या आणि त्यांच्या पुढे जयाबेन देसाई. साडी, वर कोट, हातात पर्स, उंची पाच फुटांहूनही कमी. त्या जवळपास दोन वर्षे फाटकाशी उभ्या राहिल्या.

हे का सांगतो आहे? १९६८ मध्ये पॉवेल यांच्या बाजूने लंडनच्या गोदीतले कामगार संसदेवर चालून गेले होते. आमचे मावसकाका तेव्हा नुकतेच आले होते, आणि तो मोर्चा दिसला तशी त्यांनी फुटपाथ सोडून एका दुकानात आसरा घेतला, असे ते सांगत. १९७७ मध्ये ग्रनविकच्या फाटकाशी त्याच गोदीतल्या कामगारांचा फलक आला, या वेळी जयाबेनच्या बाजूने. यॉर्कशायरचे खाणकामगार आले. क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी कारखान्याची टपालपिशवी हाताळायला नकार दिला. नऊ वर्षांत ही माणसे बदलली नव्हती, त्यांना कोणीतरी सांगितले होते की तुमचे भांडण या बायकांशी नाही.

संप १९७८ मध्ये हरला, हेही सांगितले पाहिजे. कामगार संघटनांनीच अखेरीला हात काढून घेतला. पण तटस्थ म्हणतात त्या गिरणी-खाणींच्या गावांतल्या रागाचे काय करायचे, याचे उत्तर मला ग्रनविकच्या फाटकाशी दिसते. राग खरा असतो. तो कोणाकडे वळवायचा हे दुसरे कोणीतरी ठरवत असते.

मधुरा_हन्सलो

आमच्या शेजारच्या साउथॉलमध्ये २३ एप्रिल १९७९ ला नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाने टाउन हॉलमध्ये सभा घेतली होती. विरोधात गाव उतरले, आणि त्या गोंधळात ब्लेअर पीच हे न्यूझीलंडहून आलेले शिक्षक मारले गेले. ते स्वतः गोरे होते. आमच्या शेजारच्या पंजाबी आजी अजूनही त्यांचे नाव घरातल्या माणसासारखे घेतात. डॉलिसहिल यांनी लिहिले त्याच्याशी म्हणूनच सहमत आहे.

दुसरी_पिढी

मी इथेच जन्मले, मराठी घरात शिकले, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्यावे. माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते.

तटस्थकाका, तुम्हाला तोंडावर कोणी बोलले नाही हे खरे असेल. पण वैद्यकाकांचा १९९३ चा प्रयोग संपलेला नाही. ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजमधल्या संशोधकांनी तसाच प्रयोग नोकऱ्यांसाठी केला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्पसंख्याक नावाच्या उमेदवाराला गोऱ्या इंग्रजाइतकीच बोलावणी मिळवायला सरासरी ६० टक्के अधिक अर्ज करावे लागतात, असे त्यांना दिसले. आणि १९६९ च्या प्रयोगांशी तुलना केली तेव्हा भेदभावाचे प्रमाण कमी झालेले आढळले नाही. १९६९! म्हणजे पंतप्रधान बदलले आणि नावांची चाळणी तशीच राहिली. त्या अर्जांत माझ्यासारख्यांचेही असतात, जिचे इंग्रजी ऐकून फोनवर कोणालाच काही कळत नाही, पण नाव वाचून कळते.

मला याहून अवघड गोष्ट लिहायची आहे. २०१६ च्या सार्वमतात माझ्या बाबांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. पोलंड-रुमेनियाहून येणारे कमी झाले की आपल्या शिकलेल्या लोकांना वाव मिळेल, असे त्यांना सांगितले गेले होते. जेवताना ते 'हे पोलिश लोक' अशी सुरुवात करत आणि आम्ही ऐकून घेत असू. निकालानंतर हंटिंग्डनमध्ये घरांबाहेर पोलिश लोकांना कीड म्हणणारी, प्लास्टिकचे आवरण घातलेली कार्डे सापडली. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला पोलिश. कोणीतरी भाषांतर करून घेतले, छापले, आवरण घातले आणि पहाटे दारोदार वाटले. मी ती बातमी बाबांना वाचून दाखवली. ते पोलिश लोकही गोरेच होते, बाबा, आणि ख्रिस्ती. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आपण आलो तेव्हा आपल्या दारात असे काही टाकायला फक्त छपाई महाग होती.

मला वाटते धागाकर्त्यांच्या प्रश्नाचा एक भाग इथे आहे. प्रत्येक लाटेला सांगितले जाते, की तुम्ही चांगले, तुमच्या मागून येणारे वाईट. कॅरिबियन लोकांच्या मागून आम्ही आलो, आमच्या मागून पोलिश, त्यांच्या मागून होडीतले. आणि आपण मराठी माणसे हे फार पटकन मान्य करतो. 'आम्ही व्हिसा घेऊन, विमानाने, पदव्या घेऊन आलो' हे वाक्य मी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ऐकते. ७ ऑगस्टच्या यादीतल्या वकिलांकडे आपलेही अर्ज असतात.

तटस्थ

दुसरी_पिढी, ते वाक्य मीही अनेकदा बोललो आहे. स्थलांतराच्या आकड्यांवर मोकळेपणी चर्चा व्हायला हवी या मतावर मी अजून ठाम आहे. परंतु त्या आकड्यांत मी स्वतःला मोजत नव्हतो, हे तुमचा प्रतिसाद वाचताना लक्षात आले. सायली यांच्या एजंटने मलाही दारातच थांबवले असते, आणि मी त्याला पदवी दाखवू शकलो नसतो.

उत्तरायण (धागाकर्त्या)

सर्वांचे मनापासून आभार. मी प्रश्न विचारला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर विटा फेकणारी पोरे होती. पडताळा, सायली आणि वैद्यकाका यांच्यामुळे आता डोळ्यांसमोर अर्ज, किल्ली हातात ठेवलेला एजंट आणि जेवायला बोलावणारे ते वरिष्ठ आहेत. पोरांना शिक्षा झाल्या, काहींना तर आठवड्याभरात. या बाकीच्यांचे काय करायचे ते मला कळत नाही, कारण त्यांना आपण काही केले असे वाटतच नाही.

आमच्या सॉलिसिटरबाईंच्या काचा ९ ऑगस्टला मोकळ्या झाल्या. तोच सुतार आला होता. तक्ते त्याने परत नेले नाहीत, बाईंनी ते मागच्या खोलीत ठेवून घेतले आहेत.

वैद्यकाका, तुम्हाला एक विचारते. इतके सगळे होऊन तुम्ही परत का गेला नाहीत?

निवृत्त_वैद्य

प्रश्न सरळ आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. माझ्या वॉर्डात ज्या म्हाताऱ्या येत, त्यांच्यापैकी कित्येकींना भेटायला महिनोन्महिने कोणी येत नसे. पहिल्या दिवशी एखादी म्हणे, मला 'त्या' डॉक्टरने हात लावायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात तीच माझी वाट पाहत बसे. सगळ्याच नव्हेत, एकजण शेवटपर्यंत माझ्याशी बोलली नाही आणि मीच तिचे डोळे मिटले. माणूस रोज समोर आला तर बदलतो हे मी तीस वर्षे पाहिले आहे, त्यामुळे डॉलिसहिल यांनी लिहिलेल्या गोदी कामगारांवर माझा विश्वास बसतो. कागद मात्र कोणाच्या रोज समोर येत नाही.

त्यावरून आठवले. मी १९८४ मध्ये इथले नागरिकत्व घेतले, पण माझ्या पत्नीने भारतीय पासपोर्ट सोडला नाही. तो तिचा हट्ट होता आणि मला तो आवडत असे. ती १९७२ मध्ये आली, त्या वेळचा शिक्का तिच्या पहिल्या, केव्हाच मुदत संपलेल्या पासपोर्टवर होता. २०१८ च्या एप्रिलमध्ये विंडरशच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा आम्ही दोघे माळ्यावर चढलो. माझे वय तेव्हा त्र्याहत्तर होते. तिथे जुन्या कागदांचे एक खोके होते, ज्यावर तिने कधीतरी जाड पेनाने 'रद्दी' लिहिले होते. पासपोर्ट त्यात निघाला, पहिल्या भाड्याच्या खोलीच्या पावत्या निघाल्या, मुलाच्या लसीचे १९७४ चे कार्ड निघाले. आम्ही ते सगळे वर्षांप्रमाणे लावले. १९७९ सालचा एकही कागद सापडेना, तेव्हा ती रात्री दोन वाजेपर्यंत शोधत बसली. तिला तेव्हा शेहेचाळीस वर्षे झाली होती या देशात.

आता ती नाही. खोके माळ्यावर ठेवलेले नाही, खाली माझ्या पलंगाजवळ आहे. तिने 'रद्दी' हा शब्द खोडून त्याखाली 'ठेवणे' असे लिहिले आहे.

दुसरी_पिढी

वैद्यकाका, तुमची परवानगी असेल तर मी एखाद्या शनिवारी येऊन त्या कागदांची छायाचित्रे काढू का? माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवायची आहेत. १९७९ चा कागद मिळाला का शेवटी?

निवृत्त_वैद्य

जरूर या. मिळाला. तिच्या ग्रंथालयाच्या कार्डावर तारखेचा शिक्का होता.